टाकीला घडलेला उपास

काडी पेटली, बर्नरपाशी गेली आणि विझली. मी दुसरी ओढली. तीही बर्नरच्या तोंडाशी क्षणभर थरथरली आणि गेली.

"आतनं कोण फुंकर मारतंय का काय?" गोकुळाआक्का म्हणाल्या.

"गॅस जळत नाहीये, आक्का."

"वास तर येतोय की नाक धरण्यागत."

"वास येतो. जळत नाही."

"मग दुपारी त्या परीक्षावाल्या बाईंना काय दावायचं? वास?"

खिडकीच्या कट्ट्यावर बसलेला माझा प्रोजेक्टमधला जोडीदार रणधीर खो खो हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू निम्म्यातच अडकलं. सकाळचे आठ वाजत होते आणि दुपारी तीनला परीक्षक येणार होत्या.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. कराडकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी शिकवत होते आणि अभ्यासरजा घेऊन कोल्हापूरकडच्या एका विद्यापीठात एनर्जी सिस्टिम्सचं एम.टेक. करत होते. वय बत्तीस. चार वर्षांच्या जुईला सासूबाईंच्या ओटीत टाकून मी पुन्हा होस्टेलची पोरगी झाले होते. वर्गातली बाकीची मंडळी नुकती मिसरूड फुटलेली. तोंडावर ती मला ताई म्हणायची आणि पाठीमागे काय म्हणायची ते मला ठाऊक होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा स्वभावच तसा होता. दुसऱ्यानं आवळलेला नट मी पुन्हा आवळून बघायचे आणि दुसऱ्यानं घेतलेलं माप पुन्हा घ्यायचे. घरी गॅस बंद केला का, हे बघायला मी बसस्टँडवरून परत गेलेली बाई आहे.

आमचा प्रोजेक्ट सांगायला अगदी सोपा. होस्टेलच्या मेसमध्ये रोज जे उष्टं-खरकटं उरतं, त्याचा गॅस करायचा आणि त्याच मेसमध्ये जाळायचा. मेसच्या मागच्या अंगणात विटांचा गोल हौद, हौदात शेणकाला आणि खरकटं, आणि त्यावर उलटी तरंगणारी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर चढते, वापरला की खाली बसते. तिथून एक पाइप भिंतीतून आत, ओट्यावरच्या बर्नरपर्यंत. हौद हा माझा विषय, पाइप आणि बर्नर रणधीरचा. प्रबंध दोघांचे वेगळे होते, पण ज्योत एकच होती. परीक्षकांसमोर ती पेटायला हवी आणि तिच्यावर चहाचं आधण उकळायला हवं, असा आमच्या विभागाचा नियमच होता.

ती पेटली नाही, तर परीक्षा सहा महिने पुढे. माझी रजा जूनअखेर संपत होती आणि ती वाढवून मिळणार नाही, हे प्राचार्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. एकदा कामावर रुजू झालं की अर्धवट प्रबंधांचं काय होतं, हे मला चांगलं माहीत होतं. आमच्या स्टाफरूमच्या कपाटात तसले तीन होते. सासूबाईंनीही निघताना सांगितलं होतं, "दोन वर्षं म्हणालीस, दोन वर्षं सांभाळीन. तिसऱ्याचं मला विचारू नकोस." त्यात राग नव्हता. गुडघे दुखणारी बाई होती, पोरीमागे किती धावणार? म्हणजे पदवी मिळायची तर आजच, नाहीतर कधीच नाही.

आणि टाकी आजारी होती.

आजार कसा झाला ते सांगायला हवं. गोकुळाआक्का मेसच्या मुख्य आचारी. टाकीवर त्यांचा एवढा जीव की तिला त्या 'कपिला' म्हणायच्या. "दूध न्हाई पर गॅस तर देती," असं येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या. पंधरवड्यापूर्वी मी जुईच्या वाढदिवसाला कराडला गेले. जाताना रणधीरला बजावलं, रोज सकाळी एकच बादली, तीही पातळ करून. त्याला साखर कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं, म्हणून तो निघताना बादलीचं काम आक्कांना सांगून गेला. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मेसमध्ये साबुदाणा आणि भगर. सगळं होस्टेल उपाशी आणि एकट्या कपिलेनं काय म्हणून खरकटं खायचं? आक्कांनी तिलाही उपास घडवला.

इथवर काही बिघडलं नव्हतं. एक दिवस पोटात काही गेलं नाही म्हणून कोणती टाकी मरत नाही. घोळ झाला तो द्वादशीला. त्याच दिवशी शेवटच्या वर्षाच्या पोरांचा निरोपसमारंभ होता. मसालेभात, पुऱ्या, गुलाबजाम. उपास सोडायचा तर गोडाधोडानं सोडायचा, या न्यायानं आक्कांनी उरलेला सगळा भात आणि गुलाबजामचा पाक बादल्यांमागून बादल्या कपिलेला चारला. पोटभर, आग्रह करकरून.

मी परत आले तर हौदाला ताडीसारखा आंबूस वास. आम्ल तपासायच्या कागदाची पट्टी बुडवली, ती लालभडक. कपिलेला आम्लपित्त झालं होतं. हौदात दोन तऱ्हेचे जिवाणू असतात. एक गोडाचं पटापट आम्ल करतात, दुसरे सावकाश त्या आम्लाचा गॅस करतात. गोड फार झालं की पहिले माजतात आणि दुसरे मरायला टेकतात. मग जो गॅस येतो त्यात निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड. टाकी फुगते, पण जळत काही नाही.

मी खाणं बंद केलं, चुन्याची निवळी ओतली, गोठ्यातून ताजं शेण आणून कालवलं. रोज सकाळ-संध्याकाळ पट्टी. दोन दिवसांपूर्वी पट्टी हिरवी झाली, म्हणजे आम्ल उतरलं, तेव्हा मी अंगणात एकटीच टाळ्या वाजवल्या. टाकीही चांगली वर चढली होती. परीक्षेला कमी पडू नये म्हणून मी तो गॅस कोणाला वापरू दिला नाही. पेटवूनसुद्धा बघितला नाही. विभागातलं गॅस तपासायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे आत काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. कळलं ते असं, परीक्षेच्या दिवशी सकाळी, काडी विझल्यावर.

"ताई," रणधीर कट्ट्यावरून उतरला, "एक बोलू का? चिडणार नसाल तर."

"आणि चिडणार असेन तर?"

"तरी बोलतो." आक्का पीठ काढायला आत गेल्या आहेत हे बघून तो जवळ आला. "मागं मेसचे भरलेले सिलिंडर हायत. त्यातला एक टाकीच्या आडोशाला उभा करायचा. भिंतीपाशी जो जोड आहे तो सोडायचा आणि तिथं रेग्युलेटर लावायचा. ज्योत इकडं ओट्यावर. मॅडम ज्योत बघणार, चहा पिणार, सही करणार. मागं कोण जातंय?"

"खोटं दाखवायचं?"

"खोटं काय त्यात? आपला प्लांट चार महिने चालला का न्हाई? चालला. आकडे खरे हायत का न्हाईत? खरे. आज त्याची तब्येत बरी न्हाई. माणूस आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा बसतोच की."

"परीक्षेला नाही बसत."

"ताई, तुमची रजा—"

"माझ्या रजेचं मी बघीन."

"मग माझ्या नोकरीचं कोण बघणार? एक जुलैला कारखान्यात हजर व्हायचंय मला. निकाल असंल तर."

पोरगं हुशार होतं, आळशी होतं, बोलण्यात कोणाला हार जाणारं नव्हतं, आणि घरात शिकलेला पहिलाच. त्याचं वर्ष माझ्या तोऱ्यापायी जावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. शिवाय त्याचा युक्तिवाद माझ्या कानाला बरा लागत होता, आणि तो बरा लागतोय याचीच मला भीती वाटली.

"नाही म्हणजे नाही," मी म्हणाले. "त्या सिलिंडरला हात लावायचा नाहीस."

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. रणधीर एका शब्दात 'बरं' म्हणाला की समजायचं, याच्या मनात काहीतरी शिजतंय.

मी विभागात गेले. आमचे मार्गदर्शक हिरेमठ सर फार भला माणूस, पण काळजी करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुढं ढकलू या का, पाटणकरबाई?"

"मला ढकलता येत नाही, सर."

"केंजळे मॅडम येतायत. फार कडक बाई. गेल्या वर्षी एकाचा सौर कुकर ढग आले म्हणून चालला नाही, तर म्हणाल्या, ढग येतात हे तुम्हाला आज कळलं का?"

"मग मी आहे ते सांगते. टाकी आजारी आहे, का आजारी आहे, उपाय काय केले. त्या काय ठरवायचं ते ठरवतील."

"ज्योत नाही म्हटल्यावर त्या काय ठरवणार?" सर म्हणाले. "बघा बुवा."

खोलीवर येऊन मी आंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसले आणि आरशासमोर 'आहे ते' सांगायचा सराव केला. दोनदा वाक्य अर्धवटच सुटलं. मग स्वतःचाच राग आला आणि मी पुन्हा मेसच्या मागे गेले.

दारातूनच दिसलं, टाकी खाली बसली होती. सकाळी कमरेच्या वर आलेली टाकी आता हौदाच्या काठाशी टेकायला आली होती. दोन दिवस जपलेला गॅस गेला होता. जळत नव्हता, मान्य, पण निदान दाखवायला भरलेली टाकी तरी होती.

आक्का मागच्या दाराशी कांदे चिरत होत्या.

"आक्का, टाकी खाली कशी बसली?"

"मला काय ठावं?"

"कोण आलं होतं इकडे?"

आक्कांनी कांद्यावरची मान वर केली नाही. "मला काय बी इचारू नगा, बाई. एकदा माझ्या हातनं घोळ झालाय. आता मी तोंडाला कुलूप घातलंय."

"रणधीर आला होता?"

"सांगितलं न्हवं, कुलूप हाय."

मला जे कळायचं ते कळलं. त्याला गाठून चार शब्द सुनवावे म्हणून मी लायब्ररी, कँटीन, मुलांचं होस्टेल असं सगळीकडे शोधलं. साहेब कुठेच नव्हते. परत अंगणात जाऊन बघणार, तेवढ्यात केंजळे मॅडमची गाडी विभागासमोर थांबली. त्या वेळेआधीच आल्या होत्या.

डॉ. केंजळे म्हणजे साठीच्या, उंच, सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई. नमस्कार झाले, दोघांचे प्रबंध त्यांनी चाळले, बारीकसारीक प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. कशी दिली ते आठवत नाही. रणधीर भांग पाडून, पांढरा शर्ट घालून ऐनवेळी उगवला होता आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

"चला, आता चहा," मॅडम म्हणाल्या.

मेसच्या ओट्याभोवती आम्ही उभे राहिलो. मॅडम, हिरेमठ सर, मी आणि रणधीर. आक्कांनी पातेल्यात पाणी घेऊन ठेवलं होतं. 'मॅडम, आधी मला काही सांगायचंय' हे वाक्य मी जिभेवर आणलं. पण मी तोंड उघडायच्या आत रणधीरनं काडी ओढली आणि बर्नरवर धरली.

भप्प झालं आणि ज्योत उभी राहिली. निळी, नीटस, गोल. रणधीरनं चावी थोडी फिरवली, ती मोठी झाली. आक्कांनी पातेलं चढवलं आणि दोन्ही हात कपाळाला लावले. हिरेमठ सरांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मॅडमनी वळून बघितलं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "स्थिर आहे ज्योत."

मी ज्योतीकडे बघितलं. सकाळी जो गॅस काडी विझवत होता, तो दुपारी असा जळत नाही. टाकी तर रिकामी झालेली मी डोळ्यांनी बघितली होती. ही ज्योत माझ्या हौदातली नव्हती. भिंतीच्या पलीकडे, टाकीच्या आडोशाला, लाल सिलिंडर उभा होता, हे मला न बघता दिसत होतं.

पाण्याला बारीक बुडबुडे यायला लागले. त्या तेवढ्या वेळात मी काय काय विचार केला, ते सांगायला लाज वाटत नाही, कारण माझ्या जागी कोणीही केला असता. सिलिंडर मी जोडलेला नाही. मला कोणी सांगितलेलं नाही. मी नाही म्हणाले होते, माझ्यापुरतं माझं काम झालं. चहा उकळेल, सही होईल, उद्या जुई माझ्या कुशीत असेल. आणि बोलले तर नुसती मी बुडणार नाही, हा चोविशीचा पोरगाही बुडेल, आणि माझ्यापेक्षा खोल बुडेल. आक्कांनी चहाची पूड टाकली. मॅडमनी पर्समधून पेन काढलं.

"मॅडम," मी म्हणाले. "एक मिनिट. सही करू नका."

सगळे माझ्याकडे वळले.

"ही ज्योत आमच्या टाकीतली आहे याची मला खात्री नाही. सकाळी गॅस जळत नव्हता. आपण मागे जाऊन बघू या. मी काय ते तिथेच सांगते."

"पाटणकरबाई!" हिरेमठ सर एवढंच म्हणाले. रणधीरनं चकित होऊन माझ्याकडे बघितलं आणि मग छताकडे.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "चला."

मागच्या दारातून आम्ही अंगणात आलो. सर दाराशीच थबकले, ज्योतीकडे एक डोळा ठेवून. आणि टाकीच्या आडोशाला, मला दिसत होता अगदी तसाच, लाल सिलिंडर उभा होता.

मॅडम त्याच्याजवळ गेल्या, वाकल्या. सिलिंडरच्या तोंडावर पांढरं प्लॅस्टिकचं झाकण होतं, दोऱ्यानं बांधलेलं. आजूबाजूला रेग्युलेटर नाही, नळी नाही. टाकीपासून निघालेला आमचा पाइप जसाच्या तसा भिंतीत शिरत होता. मॅडमनी तो बोटांनी चाचपत भिंतीपर्यंत नेला. मग टाकीवरची चावी धरली आणि बंद केली.

"अहो!" आतून हिरेमठ सर ओरडले. "अहो, ज्योत गेली! कोणी बंद केली?"

मॅडमनी चावी पुन्हा उघडली. "पेटवा परत," त्यांनी आवाज दिला. आत काडी ओढल्याचा आवाज आला, भप्प झालं आणि सर लहान मुलासारखे ओरडले, "पेटली! पेटली!"

मी हौदाच्या काठावर बसले. इस्त्रीच्या साडीनिशी, शेणाच्या शिंतोड्यांत. इतकं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं, जुई झाली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान काय होणार ते ठाऊक होतं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

"हा सिलिंडर इथे कशाला?" मॅडमनी विचारलं.

"मी आणला," रणधीर पुढे झाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "जोडायलाच आणला होता, मॅडम. ताईंनी नको सांगितलं होतं, तरी आणला. सकाळी नऊला इथला जोड सोडला. आधी चावी बंद करायची तेच विसरलो. टाकीतला सगळा गॅस सूं करून भाईर. आक्का धावत आल्या आणि मला नको नको ते बोलल्या."

"बोलनार न्हाईतर काय!" दारातून आक्का म्हणाल्या. कुलूप निघालं होतं. "म्हटलं, मुडद्या, तिनं जपून ठेवल्यालं सारं सोडलंस. पुन्हा बसव तो पाइप, न्हाईतर हात मोडीन."

"मग बसवला," रणधीर म्हणाला. "सिलिंडर नेऊन ठेवायचा राहिला. ताईंना सांगायचं धाडस झालं न्हाई. तीन वाजेपर्यंत टाकी थोडी वर आली होती, म्हणून काडी लावून बघितली, एवढंच. पेटंल असं मलाबी वाटलं नव्हतं."

मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"पाटणकर, सकाळी जो गॅस जळत नव्हता, तो दुपारी का जळला?"

तोंडी परीक्षा अजून चालू होती तर. मी डोळे पुसले आणि टाकीकडे बघितलं. आणि इतके दिवस जे माझ्या नाकासमोर होतं ते मला दिसलं.

"हौद दोन दिवसांपूर्वीच बरा झाला होता," मी म्हणाले. "नवा गॅस चांगलाच येत होता. पण टाकीत आजारपणातला गॅस साठलेला होता, निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड. मी तो परीक्षेसाठी जपून ठेवला. चांगला गॅस त्याच्यात मिसळून वाया जात होता. यानं जोड सोडला आणि जुना सगळा बाहेर गेला. नंतर जो साठला तो निव्वळ ताजा."

"म्हणजे करायला काय हवं होतं?"

"पट्टी हिरवी झाली त्याच दिवशी टाकी रिकामी करायला हवी होती."

"हे तुमच्या प्रबंधात आहे?"

"नाही, मॅडम."

"मग एक पान वाढवा. उपासाचंही लिहा त्यात. होस्टेल-होस्टेलला असे प्लांट होणार असतील तर एकादशी सगळीकडेच येते." त्यांनी पेन पुन्हा काढलं. हिरेमठ सर सिलिंडरकडे बघत काहीतरी पुटपुटले, तशा त्या म्हणाल्या, "न जोडलेल्या सिलिंडरचे गुण कापायची सोय माझ्याकडे नाही. चहा झाला का?"

चहा आटून काळा झाला होता. सगळ्यांनी मिटक्या मारत प्याला.

मॅडम गेल्यावर मी घरी फोन लावला. सासूबाईंनीच उचलला.

"झालं का गं?"

"झालं, आई."

"पास?"

"पास."

जुई कुठेतरी मागे भांडी आपटत होती. "बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "आणि हे बघ, लगेच धावत निघू नकोस. उद्याचा दिवस तिथंच झोप काढ. इथं आलीस की ही कार्टी तुला डोळा मिटू द्यायची नाही."

तेव्हा मात्र मी मोठ्यानं रडले. आक्कांनी माझ्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला.

संध्याकाळी मी अंगणात गेले तर रणधीर सिलिंडर तिरका करून घरंगळवत कोठीकडे नेत होता. मला बघून थांबला.

"ताई, एक विचारू? सिलिंडर जोडलेला निघाला असता, तर माझंबी वर्ष गेलं असतं."

"गेलं असतं."

"आणि नोकरी."

"तीही गेली असती. मला रात्रंदिवस टोचलं असतं ते." मी म्हणाले. "आता तू मला एक खरं सांग. आक्कांच्या धाकानं तू ऐकणारा नव्हेस. त्या आत गेल्यावर तुला पुन्हा जोडता आला असता. टाकी रिकामी, ज्योतीची आशा नाही. तेव्हाच तर सिलिंडर हवा होता. मग का नाही जोडलास?"

तो ओशाळून हसला.

"झाकणाच्या दोऱ्याला हात घातला होता मी. मग विचार केला, ज्योत लागंल, सर खूश होतील, मॅडम खूश होतील. पण ताई काय गप बसणार न्हाईत. त्या मॅडमना हाताला धरून हितं मागं घेऊन येणार. नापासच व्हायचं, तर उगं रेग्युलेटर लावायचे कष्ट कशाला?"

मी हसले. पण तेवढ्यात जे लक्षात आलं त्यानं माझं हसू थांबलं. ओट्यापाशी उभी असताना, पाणी उकळत असताना, मी बोलणार की नाही हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. या पोराला ते सकाळीच ठाऊक होतं.

त्याला ते सांगितलं नाही. "नीट धर," म्हटलं आणि सिलिंडरची दुसरी बाजू उचलली. भरलेला होता, चांगलाच जड लागला.